चौथा बोल्ट

पेठेतल्या आमच्या इमारतीत मी नक्की काय करतो, हे तीस वर्षांत कुणाला नीट कळलेलं नाही. कुणी विचारलं की मी सांगतो, कारखान्यातली जड यंत्रं पायावर बसवतो आणि ती हलू नयेत हे बघतो. वरच्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक एकदा म्हणाले, म्हणजे काहीच घडू नये, हेच तुमचं काम? मी म्हणालो, हो, तुमच्या वर्गातही काही घडत नसे, पण तुम्हाला त्याचं निवृत्तिवेतन मिळतं. त्यानंतर महिनाभर त्यांनी जिन्यात माझ्याकडे पाहिलं नाही. माझी जीभ अशी आहे आणि मला तिचं कौतुकही होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात तिचा मोठा वाटा आहे.

काम खरं तर साधं आहे. जमिनीत काँक्रीटचा मोठा ठोकळा भरायचा. त्यात चार कोपऱ्यांना चार खोल चौकोनी खड्डे ठेवायचे, त्यांना आम्ही पॉकेट म्हणतो. यंत्र वर आणून ठेवायचं, त्याच्या पायातून लांब बोल्ट खाली पॉकेटमध्ये सोडायचे, लेव्हल बघायची आणि मग पॉकेटमध्ये ग्राउट ओतायचं. ग्राउट म्हणजे सिमेंटसारखीच तयार भुकटी. पाण्यात कालवली की ती पातळ होते, कानाकोपऱ्यात शिरते आणि सुकताना आक्रसत नाही. ती दगडासारखी झाली की नट आवळायचे. बोल्टाला खालून घट्ट पकडलेलं नसेल, तर वरचं सगळं नुसतं दिसायला.

हे पकडायचं काम बावीस वर्षं माझ्याकडे एकाच गवंड्याने केलं. सोलापूरकडचे, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठे, शुक्रवारी दुपारी नमाजाला जाऊन येणारे, साइटवर सगळे त्यांना चाचा म्हणायचे आणि मीही म्हणायचो. ग्राउट ओतण्याच्या आदल्या दिवशी ते प्रत्येक पॉकेट पाण्याने धुवायचे, रात्रभर भिजत ठेवायचे, सकाळी पाणी उपसून टाकायचे. मग जमिनीवर पालथे पडून खांद्यापर्यंत हात आत घालायचे आणि तळ चाचपायचे. बोटाला धूळ किंवा तेल लागलं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. मी घाई केली तरी ते हसून दुर्लक्ष करायचे. त्या बावीस वर्षांत त्यांनी भरलेला एकही बोल्ट ढिला झाला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी धायरीत एक काम आलं. एका शेतकरी कुटुंबाने रस्त्याकडेच्या आपल्या शेतात शेड उभारली होती. मुलगा इंजिनियर, त्याने बंद पडलेल्या कुठल्याशा कारखान्यातून अकरा टनांची पॉवर प्रेस घेतली होती. जाड पत्रा दाबून त्याला आकार देणारं हे यंत्र. प्रत्येक दाबाला जमिनीला हिसका बसतो, म्हणून पाया चोख लागतो. शेडमध्ये मागच्या बाजूला लोखंड कातायचे दोन लेथ आधीपासूनच चालू होते, प्रत्येकावर एक कामगार. मालक कागदोपत्री मुलगा होता, पण सगळं चालायचं त्याच्या वडिलांच्या शब्दावर. त्यांना सगळे आबा म्हणत.

ग्राउट ओतायच्या दिवशी आबांना पूजा हवी होती. मुहूर्त सव्वाबाराच्या आतला. चाचांनी चारही पॉकेट सकाळीच कोरडी करून, चाचपून ठेवली होती. यंत्र वर बसलेलं होतं, बोल्ट लोंबत होते आणि पायाच्या कडेने पॉकेटची हातभर तोंडं उघडी दिसत होती. गुरुजी मात्र नवले पुलाजवळच्या गर्दीत अडकले. पावणेबारा झाले तेव्हा आबा म्हणाले, जाऊ द्या, नारळ फोडू आन् सुरू करू.

तिथे गप्प बसलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण आमच्या घरी पूजाअर्चा लहानपणापासून तोंडपाठ, आणि ते दाखवायची हौस. मी म्हणालो, आबा, पाया भरतोय आपण, पानाची टपरी उघडत नाही, करायचं तर नीट करू. मी हात धुतले, डोक्याला रुमाल बांधला आणि गुरुजींच्या पाटावर जाऊन बसलो. आबांच्या सूनबाईंनी तांब्याभर पंचामृत करून ठेवलं होतं, दूध, दही, तूप, मध आणि साखर, सगळं सढळ हाताने. मी मंत्र म्हणत एकेका पॉकेटमध्ये पळीभर पंचामृत सोडलं, वर तुळशीचं पान आणि फूल टाकलं. सगळे हात जोडून उभे होते. चौथ्या पॉकेटपाशी आलो तरी तांब्या जवळजवळ भरलेलाच होता. पूजेतलं उरलेलं पायदळी येऊ द्यायचं नसतं, हे आमच्या घरचं वळण. तेव्हा मी तो तांब्या तसाच्या तसा चौथ्या पॉकेटमध्ये उपडा केला.

चाचा पाण्याचा पाइप हातात घेऊन बाजूला उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, एकदा धुऊन घेऊ का परत?" मी घड्याळाकडे बघत म्हणालो, "चाचा, पूजा धुवायची असते का?" सगळे हसले. चाचांनी पाइप गुंडाळून ठेवला. मुहूर्ताला दहा मिनिटं उरली होती. ग्राउटची पहिली दोन पोती माझ्यासमोर फोडली आणि कालवली, नारळ फुटला, आणि मग आबा मला घरात घेऊन गेले. बाकीची सहा पोती भरली जात असताना मी पंख्याखाली बसून शिरा खात होतो.

दहा दिवसांनी नट आवळायला गेलो. ते काम मी कुणावर सोपवत नाही, पाना स्वतः धरतो. तीन नट जिथे थांबायला हवेत तिथे थांबले. चौथा थोडा जास्त फिरला. माझ्या हाताला ते कळलं होतं. नवीन नट आहे, आटे बसले नसतील, असं मी स्वतःला सांगितलं आणि पाना खाली ठेवला.

त्याच दुपारी चाचणीला सगळं घर आलं होतं, लेथवरचे दोघेही. प्रेस रिकामी चालवली, छान चालली. मग ऑपरेटरने जाड पत्रा आत सरकवला. पहिला दाब पडला आणि मागचा डावा कोपरा जमिनीपासून सुटल्यासारखा वाटला. मला वाटलं डोळ्यांचा भास आहे. दुसऱ्या दाबाला तो खरोखरच उचलला गेला. अकरा टनांचं धूड माझ्या डोळ्यांदेखत कलंडलं आणि धाडकन खाली बसलं. शेडचे पत्रे वाजले. ऑपरेटर मागच्या मागे उडी मारून पत्र्यांच्या ढिगावर पडला, नशिबाने फक्त कोपर खरचटलं. मुलाने धावत जाऊन वीज तोडली. तीस वर्षांत माझं यंत्र सुईच्या टोकाएवढंही हललं नव्हतं.

मी जवळ जाऊन त्या कोपऱ्यातला चौथा नट धरला आणि हलवला. बोल्ट पडायला आलेल्या दातासारखा हलला. वरचं दोन-तीन इंच ग्राउट कडक होतं, ते आता तडकलं होतं. त्याच्या खाली राखाडी, ओलसर लगदा. मी बोट घातलं तर ते आत गेलं. दहा दिवसांनी.

यावर माझ्या डोक्यात एकच उत्तर आलं, आणि ते यायला दोन सेकंदही लागले नाहीत. चांगली पोती बाहेर गेली आणि आत काहीतरी भलतंच भरलं गेलं. आमच्या धंद्यात हे होतं, ऐकलेलं होतं. मी उठून चाचांकडे वळलो आणि सगळ्यांसमोर विचारलं, "चाचा, ग्राउट भरलंत की पिठलं?" कुणीतरी हसलं. त्या हसण्याने मला जोर चढला, हे आज लाजेने लिहितो. मी विचारलं, पोती कुठे विकली. ते म्हणाले, साहेब, आठच्या आठ पोती फोडून इथेच ओतली. मी म्हणालो, माझ्यासमोर दोनच फोडली, बाकीच्या सहांचं देवालाच ठाऊक. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा आबांकडे पाहिलं. मग बाजूच्या नळावर त्यांनी आपली थापी धुतली, पुसली, पिशवीत घातली आणि ते निघून गेले. मी त्यांना थांबवलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी पुष्कळ होतं. पण आमच्या कामातल्या ठेकेदारांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्याच संध्याकाळी मी तिथे लिहिलं की अमुक गवंड्यापासून सावध राहा, मटेरियल खातो. शंभरेक लोकांनी ते वाचलं असेल. काहींनी हात जोडून आभार मानले.

तीन आठवड्यांनी क्रेन मिळाली. प्रेस उचलून बाजूला ठेवली आणि मी स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन चौथं पॉकेट उकरायला बसलो. वरचा कडक थर निघाला आणि वास आला. आंबट, खवट, उन्हाळ्यात विसरून राहिलेल्या दह्यासारखा. मी हाताने लगदा उपसू लागलो. तो बोटांवरून निसटत होता, त्याला तुपाचा ओशटपणा होता. पॉकेटच्या भिंतीही तशाच गुळगुळीत. तळाशी, बोल्टाच्या वळवलेल्या टोकाला, एक काळं पडलेलं तुळशीचं पान चिकटलेलं होतं.

मी ते पान हातात धरून तसाच बसून राहिलो. साखर सिमेंटला घट्ट होऊ देत नाही, हे काही मला नव्याने कळायचं नव्हतं. काँक्रीटच्या गाड्यांवरचे ड्रायव्हर साखरेची पुडी जवळ ठेवतात, वाटेत गाडी अडकली आणि माल घट्ट व्हायला लागला की ड्रममध्ये टाकायला. तुपावर काही चिकटत नाही, हे तर स्वयंपाकघरातल्या कुणालाही माहीत. तीस वर्षं मला हे सगळं माहीत होतं आणि तरीही तांब्याभर साखर आणि तूप मी माझ्या हाताने त्या पॉकेटमध्ये ओतलं होतं. रुमाल बांधून, मंत्र म्हणत. आणि एका प्रामाणिक माणसाला चोर ठरवून मोकळा झालो होतो. मी शेडच्या बाहेर गेलो. आबांनी विचारलं, काय निघालं? मी म्हणालो, माल खराब होता. ते उत्तरही खोटंच होतं.

पॉकेट सोड्याने धुतलं, घासलं, भिजवलं, उपसलं. या वेळी खांद्यापर्यंत हात मी घातला. नवीन ग्राउट भरलं आणि प्रेस पक्की बसली. चाचांना फोन केला तर उचलला जाईना. ग्रुपवर मी लिहिलं की अमुक गवंड्याबद्दल झालेला गैरसमज दूर झाला आहे. दोन अंगठे आले. आपण मोठंच काही केलं असं मला वाटलं, आणि ते वाटणं जवळजवळ पंधरा दिवस टिकलं.

मग एका मजुराकडून कळलं की चाचांना कुणी काम देत नाही आणि ते मार्केट यार्डात असतात. मला वाटलं, कुणाच्या गाळ्यावर वजनकाट्यापाशी बसत असतील. सकाळी सातला गेलो. कांद्याचे ट्रक लागले होते. गाळ्यांपुढच्या गर्दीत मी त्यांना शोधत होतो आणि एक वाकलेला माणूस पाठीवर पोतं घेऊन माझ्या अंगावरून "बाजू, बाजू" करत गेला. आवाज ओळखीचा वाटला म्हणून वळलो. चाचा होते. वयाची साठी कधीच उलटलेली. त्यांनी पोतं थप्पीवर टाकलं, कंबर धरून सरळ झाले आणि त्यांना मी दिसलो. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

ते म्हणाले, अर्ध्या तासाने चहाची सुट्टी आहे. मी अर्धा तास तिथे उभा राहिलो, हमालांच्या वाटेत येत, शिव्या खात. मग टपरीमागे उभं राहून मी त्यांना सगळं सांगितलं, लगदा, वास, पान. चूक माझी होती असं म्हणालो. ते चहा पीत ऐकत राहिले. मी विचारलं, साखरेचं तुम्हाला माहीत नव्हतं का?

"माहीत होतं, साहेब. म्हणून तर धुऊ का विचारलं."

"मग स्पष्ट का नाही सांगितलंत? त्या दिवशी मी चोर म्हणालो, तेव्हा तरी?"

त्यांनी पेला खाली ठेवला. "आबांच्या घरचा प्रसाद, तुमच्या हातानं घातलेला. सगळे हात जोडून उभे. तिथं मी म्हणायचं, की पूजेनं पाया बिघडला? मी?"

शेवटच्या शब्दावर त्यांनी जोर दिला नव्हता, तरी तो माझ्या छातीत बसला. बावीस वर्षं त्यांच्यासोबत एका डब्यातून जेवलेलो मी. हा माणूस त्या हात जोडलेल्या गर्दीत कुठे उभा आहे, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. तो प्रश्न विचारायलाही त्यांना केवढं धैर्य लागलं असेल, आणि मी त्यावर हशा पिकवला होता.

मी म्हणालो, ग्रुपवर लिहिलंय मी. ते म्हणाले, पोराने वाचून दाखवलं, गैरसमज झाला होता एवढंच लिहिलंय, कुणाचा ते लिहिलेलं नाही. मी खिशातून फोन काढला, तिथल्या तिथे सगळं खरं लिहिलं, पंचामृतासकट, आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. मग मी हात जोडले आणि टपरीवरच्या चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात माफी मागायला लागलो. त्यांनी माझे हात धरून खाली केले.

"इथं नका, साहेब. इथं मला कुणी चोर म्हणत नाही. तिथं चला."

मी तिथे न जाता इथे का आलो होतो, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. धायरीला जायचं म्हणजे आबांसमोर माझी विद्या उघडी पाडायची. पुढची कामं कोण देणार, आपल्या हातच्या पूजेला कोण बोलावणार, हे सगळे हिशेब मी मनात करून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना गाडीत घेऊन धायरीला गेलो. शेडमध्ये प्रेस चालू होती, तोच ऑपरेटर उभा होता. मी मुलाला प्रेस बंद करायला सांगितली. आबांना घरातून बोलावलं, सूनबाईही दारात येऊन उभ्या राहिल्या. चाचा माझ्या शेजारी उभे होते, हाताची घडी घालून. मी सांगायला लागलो. पंचामृतात साखर होती, तूप होतं, ते ओतू नये हे मला ठाऊक असायला हवं होतं आणि ठाऊक होतं. चाचांनी धुऊ का विचारलं, मी हसण्यावारी नेलं. आठच्या आठ पोती इथेच भरली गेली. माल खराब नव्हता. यांनी काही चोरलं नाही.

आबांनी प्रेसच्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आन् आमी गावभर सांगितलं हाय, की गवंडी चोर निघाला." ते वळून चाचांपुढे गेले आणि त्यांनी चाचांचा हात हातात घेतला. सूनबाई पाणी आणायला आत गेल्या. सुटलो एकदाचा, असं मला वाटलं. मी रुमालाने तोंड पुसलं आणि गाडीची किल्ली काढली.

चाचा जागचे हलले नव्हते. ते शेडच्या मागच्या टोकाकडे बघत होते. तिथले लेथ चालूच होते.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "मागच्या दोघांना ऐकू गेलं नाही."

मी जाऊन लेथ बंद करायला लावले आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.